नवे साधन आणि शिक्षकाचे मन

शाळा सुटल्यावर नवी पेठेतून घरी जाताना तुम्ही दुकानांच्या फळ्यांवर चिकटविलेला एक काळापांढरा चौकोन रोज पाहता. कापडवाल्यापाशी तो आहे, मोबाईलच्या दुकानात आहे, आणि टोपलीत पेरू घेऊन बसलेल्या आजीबाईंच्या तराजूशेजारीही आहे. गिऱ्हाईक त्यावर फोन धरते आणि पैसे पोहोचतात. हाच चौकोन तुमच्या दप्तरातील पाठ्यपुस्तकावरही छापलेला आहे. बाजारातला चौकोन कशासाठी आहे हे तुमच्यापैकी बहुतेकांस सांगता येईल. परंतु पुस्तकातला चौकोन तुम्ही कितीदा उघडून पाहिला असे विचारले असता वर्गात फारच थोडे हात वर होतात. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. त्यातील मोठा वाटा आम्हा शिक्षकांकडे येतो, आणि त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हा चौकोन म्हणजे काय ते पाहू. त्यास क्यूआर कोड म्हणतात. सन १९९४ मध्ये जपानातील डेन्सो वेव्ह ह्या कंपनीत मासाहिरो हारा ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो तयार केला. हेतू शिक्षणाचा नव्हता आणि पैशांचाही नव्हता. मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची मोजदाद त्वरित व्हावी एवढाच होता. पूर्वीच्या उभ्या रेघांच्या पट्टीत फार थोडा मजकूर मावत असे. ह्या चौकोनात आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी काळ्यापांढऱ्या घरांची मांडणी असल्यामुळे कितीतरी अधिक मजकूर मावतो. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून यंत्रास चौकोनाची दिशा कळते आणि फोन तिरका धरला तरी वाचन अडत नाही. शिवाय एकच मजकूर अशा युक्तीने राखून ठेवलेला असतो, की काही प्रकारांत चौकोनाचा सुमारे तीस टक्के भाग फाटला अथवा डागाळला तरी उरलेल्यावरून तो पुरा करता येतो. तेलाचा हात लागलेल्या पुस्तकाचाही कोड चालतो तो ह्यामुळे.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुस्तकातल्या त्या चौकोनात धडा नसतो, चित्र नसते, कवितेची चालही नसते. त्यात असतो केवळ पत्ता. ज्याप्रमाणे पाकिटावरील पत्ता म्हणजे घर नव्हे, त्याप्रमाणे हा चौकोन म्हणजे ज्ञान नव्हे; तो कोठे जावयाचे एवढेच सांगतो. त्या पत्त्यावर कोण राहतो हे चौकोनाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणासही कळत नाही. ह्या मुद्द्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

हा चौकोन महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आला त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाचा मोठा भाग आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे सन २००९ मध्ये रुजू झाले. त्यांस पुढे मिळालेल्या पुरस्काराच्या वेळी जे वर्णन प्रसिद्ध झाले त्याप्रमाणे शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि एका बाजूस गुरांचा गोठा व दुसऱ्या बाजूस कोठार अशा जागी मुले बसत होती. मुलींची उपस्थिती अल्प होती, कारण लहान वयात लग्न होण्याची रीत होती. आणखी एक अडचण अशी, की पुस्तके एका भाषेत आणि मुलांच्या घरातली बोली दुसरी, म्हणजे कानडी. आपल्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू ह्या चारही भाषा एकाच बाकावर बसतात. तेव्हा ह्या अडचणीचे स्वरूप तुम्हांस निराळे समजावून सांगावयास नको.

डिसले गुरुजींनी प्रथम काय केले? कोड छापले नाहीत. त्यांनी मुलांची भाषा शिकून घेतली. मग पहिली ते चौथीच्या पुस्तकांची नवी मांडणी केली आणि त्यांत हे चौकोन घातले, म्हणजे मुलास कविता ऐकता यावी, धडा पाहता यावा, गोष्ट व स्वाध्याय घरच्या फोनवर मिळावा. ह्या प्रयोगाची राज्य शासनाने चाचणी घेतली व सन २०१७ मध्ये सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र सरकारचे दीक्षा नावाचे व्यासपीठ सुरू झाले. पुढे ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा जागतिक शिक्षक पुरस्कार, रक्कम दहा लाख डॉलर, डिसले गुरुजींस जाहीर झाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. ह्या वाटणीचे कौतुक त्या वेळी सर्वत्र झाले व ते योग्यच झाले. परंतु शिक्षक ह्या नात्याने मला अधिक मोलाची वाटते ती आरंभीची गोष्ट. शिकविणारा मनुष्य प्रथम शिकावयास बसला. साधन त्याच्या मागून आले.

आता आम्हा इतर शिक्षकांची वृत्ती पाहू. नवे साधन आले की शिक्षकाने नाक मुरडावे, ही परंपरा फार जुनी आहे. लेखनकला आली तेव्हा तिने माणसांची स्मरणशक्ती नष्ट होईल, अशी तक्रार सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोने घातली आहे. आणि मौज अशी की ती तक्रार आपणांस आज ठाऊक आहे ती प्लेटोने लिहून ठेविली म्हणूनच. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत आणि पावकी, निमकी, दिडकी एका सुरात म्हणत. तेथे छापील पुस्तक आले तेव्हा ते सर्वांनी आनंदाने उचलले असे नव्हे. छापण्याच्या शाईत चरबी असते, तेव्हा छापील ग्रंथास सोवळ्यात शिवावे कसे, असा प्रश्न होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून ज्यांनी मुद्रणाची कला हस्तगत केली त्या गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली आणि सन १८३१ मध्ये पंचांग छापले, तेव्हा घराघरांतून छापील कागदास वाट मिळाली. नव्या साधनाविषयीची अढी युक्तिवादाने तितकीशी जात नाही. कोणीतरी तिच्यासाठी तुपाची शाई करावी लागते.

परंतु आमच्या आजच्या नाखुशीचे कारण शाई नव्हे. खरे कारण मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात भिंतीवर चित्र पाडणारे यंत्र बसविले गेले. मी ते महिनाभर वापरले नाही. कोणी विचारले तर म्हणे, ‘खडू आणि फळा ह्यांनी पिढ्या घडल्या.’ वाक्य खोटे नव्हते, पण ते माझे कारण नव्हते. अखेर मुख्याध्यापकांच्या आग्रहास्तव एके दिवशी यंत्र सुरू करण्याचा प्रयत्न केला, तो पडद्यावर निळ्या प्रकाशाखेरीज काही उमटेना. पन्नास मुले पाहत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्यास मी आदल्याच दिवशी गणित न आल्याबद्दल उभे केले होते, तो हळूच उठून आला, त्याने तार काढून दुसऱ्या छिद्रात घातली, एक कळ दाबली व जागेवर जाऊन बसला. तो हसला नाही. मलाच लाज वाटली. त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या ध्यानात आले, की मला यंत्राचे भय नव्हते. आपल्यास येत नाही हे मुलांस दिसेल ह्याचे भय होते. शुभवर्तमानात एका चाकराची गोष्ट आहे. धन्याने दिलेले द्रव्य त्याने उधळले नाही, चोरलेही नाही. भिऊन जमिनीत पुरून ठेविले, एवढाच त्याचा अपराध. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिचा संबंध शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेविलेल्या यंत्राशी जोडावयास मला इतकी वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलास मी बोलाविले आणि यंत्र कसे लावावयाचे ते मला शिकव, असे सांगितले. त्याने ते असे काही शांतपणे शिकविले, की मी त्यास गणित इतक्या शांतपणे कधी शिकविले होते काय, असा प्रश्न मला पडला.

ह्याच्या उलट दोषही आहे, आणि तो हल्ली वाढतो आहे. काही शिक्षक साधनावर इतके भाळतात, की पडद्यावर चित्रफीत लावून स्वतः वह्या तपासीत बसतात. मुले पाहतात, घंटा होते, आणि काय पाहिले असे विचारले असता ‘छान होते’ एवढेच उत्तर येते. आपल्या शेजारच्या विजापूर व गुलबर्गा जिल्ह्यांतील खेड्यांत १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे पाठ दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला होता. देशातील सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेडी त्यात होती. उपग्रह अमेरिकेने वर्षापुरता दिलेला होता. वर्ष संपले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीही शाळा भरली, कारण गुरुजी होते. यंत्राच्या भरवशावर वर्ग सोडणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

आता एक प्रसंग मला सांगितलाच पाहिजे, जरी तो सांगताना संकोच होतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ फोनवरून द्यावयाचे ठरले. मी, ज्यास नुकतेच यंत्र आले होते, तो आता उत्साहात होतो. रोज सकाळी हजेरी घेई. आठवीतील एक मुलगी एकदाही पाठास आली नाही. पंधरा दिवस मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली, आणि एके दिवशी सर्वांच्या देखत समूहावर लिहिले, की ज्यांस शिक्षणाची आस्था नाही त्यांनी जागा अडवू नये. उत्तर आले नाही. शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा ती मुलगी आली व तिने चार वह्या माझ्या टेबलावर ठेविल्या. प्रत्येक पाठ त्यात होता, सुवाच्य अक्षरात उतरलेला. घरात फोन एकच. वडील यंत्रमागावर कामास, फोन त्यांच्या खिशात. रात्री ते परतल्यावर, फोन विजेला लावलेला असता, ही मुलगी दिवसभराचे पाठ ओट्याजवळ उभी राहून उतरून घेत असे. माझे ते वाक्यही तिने वाचले असणारच. त्याविषयी ती एक शब्द बोलली नाही. मी तिची क्षमा मागितली. वर्गासमक्ष मागितली, कारण बोललो होतो तेही वर्गासमक्षच.

त्याच काळात आपल्याच शहरात, नीलमनगर भागात, जेथे बहुतेक कुटुंबे कापड उद्योगातील मजुरीवर चालतात, तेथील शिक्षकांनी निराळी वाट काढली होती. घरोघरी फोन नाहीत हे ओळखून त्यांनी वस्तीतील सुमारे तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. मुळाक्षरे, पाढे, शब्दांच्या जाती, गणिताची सूत्रे. मुले अंतर राखून भिंतीपुढे उभी राहत व वाचीत. परितेवाडीच्या चौकोनात आणि नीलमनगरच्या भिंतीत मला काडीचाही विरोध दिसत नाही. एका गुरुजींनी पाहिले की आपल्या मुलांच्या घरी काय आहे. दुसऱ्यांनी पाहिले की आपल्या मुलांच्या घरी काय नाही. मी मात्र पंधरा दिवस केवळ हजेरीपट पाहत होतो.

आता तुमच्याकडे वळतो. ‘आम्हांस फोन उत्तम येतो’ असे तुम्ही म्हणाल, व ते पुष्कळ अंशी खरे आहे. असर नावाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वयाच्या मुलामुलींपैकी ८० टक्क्यांहून अधिकांस स्मार्टफोन चालविता येतो असे आढळले. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासंबंधी कामासाठी करणारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी करणारे ७६ टक्के. चालविता येणे आणि वाचता येणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. अक्षरे जुळवून वाचणारा साक्षर खरा, पण कोऱ्या कागदावर सही करू नये हे ज्यास कळते तो शहाणा. डिजिटल साक्षरतेत हे दोन्ही यावे लागते.

येथे त्या चौकोनाकडे परत येऊ. चौकोन म्हणजे पत्ता, आणि पत्ता कोणाचा ते डोळ्यांस दिसत नाही, असे वर म्हटले. म्हणून दुकानातील खऱ्या चौकोनावर कोणी रात्री दुसरा चिकटवून गेला, तर गिऱ्हाइकाचे पैसे परक्याच्या खात्यात जातात. यास्तव पैसे देताना फोनवर जे नाव उमटते ते मोठ्याने वाचावे व दुकानदारास विचारावे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरे, आणि हे घरी आईवडिलांस अवश्य सांगा: पैसे घेण्यासाठी चौकोन वाचावा लागत नाही व गुप्त अंकही द्यावा लागत नाही. ‘तुम्हांस पैसे पाठवितो, हा कोड वाचा आणि पिन टाका’ असे जो सांगतो तो पैसे देणारा नसून नेणारा आहे. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक. गेल्या वर्षी हा पाठ मी भूगोलाच्या तासात पाऊण तास घेतला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून काळजी दर्शविली. त्यांची काळजी रास्त होती. भूगोल आम्ही शनिवारी भरून काढला.

आणि आता तर लिहून देणारे यंत्रही आले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून निबंधाच्या वह्यांत एकाएकी फार गुळगुळीत भाषा दिसू लागली. हे यंत्र अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे शिकलेले असते व तदनुसार वाक्ये जुळविते; ते पाहिलेले सांगत नाही, कारण त्याने काही पाहिलेलेच नसते. नववीच्या वर्गास मी ‘गड्ड्याची यात्रा’ हा विषय दिला होता. एका विद्यार्थ्याने तीन पाने लिहून आणली. त्यात यात्रा विशाल नदीच्या काठी भरते, असे होते. मी ती ओळ मोठ्याने वाचली व पुढे काही बोललो नाही. वर्गात हशा पिकला. श्रीसिद्धेश्वराचे मंदिर तलावात आहे हे सोलापुरात कोणास ठाऊक नाही? तो मुलगा तर दरवर्षी घरच्यांबरोबर नंदीध्वजांची मिरवणूक पाहावयास जाणारा.

तास संपल्यावर मी त्यास थांबवून घेतले. रागावलो नाही, त्या निळ्या पडद्याची आठवण होती. ‘अरे, तुला तर हे ठाऊक आहे ना?’ असे विचारले. तो म्हणाला, ‘ठाऊक होते, सर. पण त्यात लिहिले होते, म्हणून मला वाटले माझेच चुकत असेल.’

हे उत्तर मला फार लागले. चोरून लिहिणे हा दोष जुना आहे, त्यावरील उपायही जुने आहेत. परंतु चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा यंत्राच्या वाक्यावर विश्वास ठेवावा, ह्यावर आमच्या प्रशिक्षणात काही शिकविलेले नव्हते. मी त्यास एवढेच सांगितले, की यंत्राचा निबंध समोर ठेव, आणि त्यात जे नाही ते लिहून आण. दोन दिवसांनी त्याने दीड पान आणले. त्यात पांढरी बाराबंदी घातलेल्या आजोबांची घामेजलेली पाठ होती, काठी तोलताना माणसांच्या चेहऱ्यावर येणारा ताण होता, गर्दीत हरवलेली चप्पल होती. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि निबंध वर्गात वाचून दाखविला; ह्या वेळी कोणी हसले नाही.

ह्या वर्षापासून शनिवारचा अखेरचा तास आमच्या वर्गात ह्याच कामासाठी ठेविला आहे. पहिली वीस मिनिटे एखादा विद्यार्थी शिक्षकांस फोनवरील वा संगणकावरील एखादी गोष्ट शिकवितो. उरलेल्या वेळात आठवड्यात कोणाच्या फोनवर आलेला एखादा संदेश आम्ही मिळून तपासतो. कोणी लिहिला, कधी लिहिला, चित्र तेथलेच आहे काय, आणि तो पुढे पाठविल्याने कोणाचा लाभ होतो, असे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवितो. पालकांपैकी ज्यांस यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. दोन माता येतात, व प्रश्न विचारण्यात त्या मुलांच्या पुढे आहेत.

पालकांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी फोन एकच आहे, अथवा नाही, त्यांनी वर्गशिक्षकांस तसे चिठ्ठीने वा प्रत्यक्ष येऊन कळवावे. त्या मुलांचा गृहपाठ कागदावर मिळेल आणि ते कोणापुढे उच्चारले जाणार नाही.